करमत नाही? कधी करमत नाही ते सांग

जुलै लागला की माझ्या ऑफिसचं दार दिवसातून दहा वेळा वाजतं, आणि दारातली मुलगी एकच वाक्य बोलते. "मॅडम, करमत नाही." लातूरकडची असेल तर "करमंना झालंय." कुडाळ-मालवणची असेल आणि मी तिच्याच मुलखातली आहे हे तिला कळलेलं असेल, तर "माका हय करमणा नाय."

पुण्यात मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मला १९ वर्षं झाली. सुरुवातीला मी या वाक्यावर भाषण द्यायचे. होईल सवय, अभ्यासात मन घाल, आईवडिलांनी किती ओढाताण करून पाठवलंय. मुली मान डोलवायच्या आणि खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसायच्या. आता भाषण बंद. खुर्ची पुढे सरकवते आणि विचारते, "कधी?"

"कधी म्हणजे?"

"दिवसातून कुठल्या वेळेला जास्त होतं?"

पहिल्यांदा त्यांना वाटतं, बाईंना कळलेलंच नाही. करमत नाही म्हणजे करमत नाही, त्याला काय घड्याळ लावायचं? पण असतं घड्याळ. दोन दिवस कागदावर टिपून आण म्हटलं की हमखास एक वेळ निघते. कुणाचं पोट सकाळी आठला, कॉलेजला निघताना, आवळून येतं. कुणाला मेसच्या ताटासमोर रडू फुटतं. कुणाचं खोलीतला दिवा मालवल्यावर सुरू होतं. आणि कुणाचं सहाच्या सुमाराला, दिवे लागताना. चौघी "करमत नाही" हेच म्हणतात, पण चौघींना चार वेगळ्या गोष्टी झालेल्या असतात आणि त्यांवर एकच औषध चालत नाही. तेव्हा तुम्ही यंदा घर सोडून आला असाल, तर आधी हे दोन दिवसांचं टिपण करा. मग पुढचं वाचा.

सकाळचं दुखणं आधी उरकते, कारण ते बहुतेक वेळा घरच्या आठवणीचं नसतंच. दोन वर्षांपूर्वी औशाकडची एक मुलगी रोज सकाळी उलटी करायची. दवाखाना झाला, काही निघालं नाही. बोलता बोलता कळलं, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि इथं पहिल्या तासापासून सगळं इंग्रजीत. सर काय बोलतात ते कळत नाही, हे कुणाला सांगायची लाज. घरी गेलं की हे सगळं संपेल, म्हणून घर आठवायचं. तिला मी एक छोटी वही दिली. तासाला न कळलेले शब्द कानाला जसे ऐकू येतील तसे देवनागरीत लिहायचे, संध्याकाळी दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडून अर्थ घ्यायचे. पहिल्या दिवशी ४० शब्द निघाले. महिनाभरात दिवसाला पाच-सहावर आले, कारण प्रत्येक विषयाचे ठरावीक दोन-तीनशे शब्दच पुन्हा पुन्हा येतात. उलट्या त्याच्या आधीच थांबल्या होत्या.

सकाळच्याच दुखण्यात आणखी एक प्रकार येतो. "माझ्या बोलण्याला हसतात." पुण्यात हे चालतं, मान्य करायला हवं. "आली होती"च्या जागी "आलती" म्हटलं की कुणीतरी फिसकन हसतं, आणि पोर त्या दिवसापासून तोंडच उघडत नाही. तोंड न उघडणाऱ्याला कुठेच करमत नाही. यावर माझं मत ठाम आहे: बोली बदलू नका. वर्गात बोलायची ती भाषा येईल आपोआप. पण दिवसातून एकदा तरी आपल्या बोलीत बोलायला माणूस शोधा, मग ती चहावाली का असेना. आमच्या जिन्यात मी आणि तिसऱ्या मजल्यावरची कुडाळची मुलगी मालवणीत मोठ्यानं भांडल्यासारख्या बोलतो. दोघींनाही ते लागतं.

सकाळी कॉलेजच्या नुसत्या नावानं धडकी भरत असेल आणि त्याचं कारण सीनियर असतील, तर ते मात्र करमण्या-न करमण्याच्या खात्यात टाकू नका. रॅगिंगसाठी यूजीसीची देशभराची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, कुठल्याही वेळी लागते. नंबर मोबाइलमध्ये आजच ठेवून द्या.

आता ताट. मेसचं जेवण वाईट असतं, असं मी म्हणणार नाही (आमच्या मेसच्या काकू हे वाचतील). ते परकं असतं, एवढंच. देवगडच्या पोरीला रोज पोळी, जालन्याच्या पोरीला भाकरी नाही, गडचिरोलीच्या पोरीला भात दोनच वाट्या. पोट भरतं आणि तरी काहीतरी राहून जातं. यावर घरून काय आणावं याचा माझा एक साधा हिशेब आहे: टिकणारं, थोडं, आणि दोन डब्यांत. एक डबा खोलीचा, एक तुमचा.

खोलीचा डबा पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडायचा. कोकणातल्यांनी खडखडे लाडू आणावेत, खानदेशातल्यांनी बिबड्या, मराठवाड्यातल्यांनी शेंगदाण्याची चटणी, वऱ्हाडातल्यांनी जवसाची. धपाटे आणले तर दोन दिवसांत संपवा, पुढे त्यांना वास येतो आणि मग भांडणं होतात. "तुमच्याकडे हे कसं खातात?" या प्रश्नानं जितकी बोलणी सुरू होतात, तितकी नाव-गाव-शाखा विचारून होत नाहीत. ओळख व्हावी म्हणून कॉलेजवाले सभागृहात तीन तास बसवून व्याख्यान देतात. त्यापेक्षा मुलींच्या हातात एकेक बिबडी द्यावी.

दुसरा डबा लपवून ठेवायचा. यात आपमतलबीपणा काही नाही. ताटातलं घशाखाली उतरेना झालं की त्यातली चिमूटभर चटणी घ्यायची आणि झाकण लावायचं. माझ्याकडची एक मुलगी मेतकुटाची बाटली कपाटात स्वेटरच्या आत ठेवायची आणि ती तिला फेब्रुवारीपर्यंत पुरली होती. महिनाभराचं सामान एकदम आणणाऱ्या मुलींचं पंधरवड्यात संपतं, आणि मग डबा रिकामा झाल्याचं दुःख वेगळं.

रात्रीचं दुखणं बरंचसं फोनमधून येतं. हे ऐकायला कडू लागेल. दिवसभर बऱ्या असलेल्या मुली रात्री साडेनऊला घरी व्हिडिओ कॉल लावतात. पलीकडे आई ओट्याशी, मागे टीव्हीचा आवाज, धाकटा भाऊ फोनमध्ये तोंड घालतोय, आणि हे सगळं पाचच इंचांच्या काचेत. फोन ठेवला की खोलीत पंख्याचा आवाज. मग अडीच वाजेपर्यंत झोप नाही, सकाळी डोळे सुजलेले, तास बुडाला, आणि त्याचंही वाईट वाटून संध्याकाळी पुन्हा फोन. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय की आता रजिस्टरवरची सही बघून ओळखते.

फोन बंद करा, असं मी सांगत नाही. वेळ बदला. कॉलेजातून आल्यावर, साडेपाचच्या चहाला, पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा बोललेलं अंगावर येत नाही, कारण पुढे संध्याकाळ पडलेली असते, कामं असतात. रात्री फक्त "झोपते" एवढा मेसेज. आणि फोनवर दोन्ही बाजूंनी "जेवलीस का" आणि "आठवण येते का" एवढंच होत असेल, तर फोन करून न केल्यासारखाच. घरचं एखादं काम स्वतःकडे ठेवा. लातूर जिल्ह्यातली माझी एक मुलगी वडिलांना रोज लातूर बाजार समितीतला सोयाबीनचा भाव बघून कळवायची आणि घरचं लाइट बिल इथून भरायची. वडील तिला विचारल्याशिवाय माल काढायचे नाहीत. तिला घराची आठवण येत नव्हती असं नाही. पण घरात तिची जागा रिकामी झालेली नव्हती, आणि हे तिला ठाऊक होतं.

इथं पालकांसाठी दोन ओळी. रविवारी दुपारी कुटुंबाच्या ग्रुपवर तळलेल्या सुरमईचे फोटो टाकू नका. पोरगी त्या वेळेला दुधीची भाजी खात असते. आणि घरातलं वाईट लपवू नका. एका मुलीची आजी वारली, ते तिला परीक्षा होईपर्यंत चार दिवस सांगितलं नाही. हेतू चांगलाच होता. पण त्यानंतर वर्षभर ती मुलगी रोज रात्री फोन करून घरातल्या प्रत्येकाचा आवाज ऐकायची. आईनं "सगळे बरे आहेत" म्हटलं तरी तिला खरं वाटेना. एकदा लपवलंत की तुमच्या "बरं आहे"ची किंमत गेली.

आता दिवेलागण. खरं घर आठवतं ते या वेळेला, आणि मला यावर सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मी स्वतः त्यातली.

१९८८ साली बारावी करून मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून पुण्याला आले. कोकण रेल्वे अजून व्हायची होती. एसटीनं रात्रभराचा प्रवास. वडील सोडायला आले, ट्रंक कॉटखाली सरकवली, "पत्र टाक" म्हणाले आणि गेले. दिवस बरे जायचे. पण सहा वाजले की संपलं. आमच्याकडे त्या वेळेला गुरं गोठ्यात येतात, आई तुळशीपाशी दिवा ठेवते, पावसाळ्यात बेडूक सुरू होतात आणि खाडीवरून वारा येतो. इथं खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आणि एक ट्यूबलाइट, चालू होण्याआधी पाच वेळा फडफडणारी. त्या ट्यूबलाइटची मला अजून चीड येते.

अकराव्या दिवशी मी पळाले. कुणाला न सांगता स्वारगेटला गेले आणि रात्रीच्या गाडीत बसले. पहाटे करूळचा घाट उतरताना खिडकीतून पाऊस आत आला, ओल्या मातीचा वास आला आणि मी गाडीत सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. शेजारच्या बाईनं न विचारता पदरानं माझं तोंड पुसलं. घरी पोचले तेव्हा वडील पडवीत दोरी वळत होते. त्यांनी वर बघितलं आणि "पेज घी" म्हणाले, बस. आई रागावली, पण तीही चुलीकडे तोंड करून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सांगून टाकलं, मी जाणार नाही. वडील म्हणाले, "तिनसांजेक काय ठरव नको. सकाळी ठरय."

सकाळी उठले. ऊन पडलं होतं. मला माझी अकाउंट्सची अर्धी सोडवलेली वही आठवली आणि ती कुणी घेतली तर, याची काळजी वाटली. मी परत गेले.

त्या वाक्यावर मी आजवर शंभरेक मुली तरी थांबवल्या असतील. ॲडमिशन रद्द करायची, कोर्स बदलायचा, खोली बदलायची, काहीही असो; संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरवायचं नाही. कागदावर लिहून ठेवायचं आणि सकाळी नाश्ता झाल्यावर वाचायचं. सकाळीही तेच वाटलं, सलग आठ दिवस सकाळी तेच वाटलं, तर मी स्वतः पालकांना फोन लावते.

आणि ते तीन तास खोलीत काढायचे नाहीत. अभ्यास या वेळेला होत नाही, पुस्तक पुढ्यात घेऊन रडणं होतं. हातापायांना काम पाहिजे. कपडे धुवा, बादली, साबण, पिळणं, दोरीवर वाळत घालणं, यात पाऊण तास जातो आणि रडायला हात मोकळा राहत नाही. भाजी-फळं आणायला चालत जा आणि रोज त्याच गाडीवर जा. झेरॉक्स काढायचं तरी त्याच दुकानात. शहर मोठं असतं हे खरं, पण तुम्हाला सगळं शहर लागत नाही, चार ओळखीचे चेहरे लागतात. केळीवाला एखाद्या दिवशी "काल दिसला नाहीत?" म्हणाला की काय वाटतं ते अनुभवून बघा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी ज्यात ठरल्या वेळी हजर राहावं लागतं असं काहीतरी धरा: ढोलपथक, एनएसएस, एखादं नाटक, कबड्डी. ढोलपथकाचा सराव गणपतीच्या आधी दीड-दोन महिने सुरू होतो, म्हणजे नेमका तुमच्या वाईट दिवसांत. रात्री हात इतके भरून येतात की उशीला डोकं टेकलं की झोप. आवाजाचा मला त्रास होतो, ती गोष्ट वेगळी.

सगळ्या संध्याकाळींत वाईट रविवारची. पुण्यात राहिलेल्या कुणालाही विचारा: रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. अर्ध्या मुली नातेवाइकांकडे गेलेल्या, जिना सामसूम, उरलेल्या पलंगावर पडून बिस्किटं खातात. एका रविवारी जोराचा पाऊस होता. राउंडला गेले तर तीन वेगवेगळ्या खोल्यांत तीन मुली भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. साडेसात वाजता! तिघींना उठवलं, माझ्या ऑफिसमागच्या छोट्या स्वयंपाकघरात आणलं आणि कुळथाची पिठी करायला लावली.

करायला सोपी आहे, लिहून ठेवा. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण, एक कांदा, दोन मिरच्या परतायच्या. दोन-तीन भांडी पाणी घालायचं, चार आमसुलं, मीठ. पाणी उकळायला लागलं की कुळथाचं तीन-चार चमचे पीठ वाटीत गार पाण्यात कालवून हळूहळू ओतायचं आणि ढवळत राहायचं. कोरडं पीठ थेट टाकलंत तर गुठळ्या होतात, आणि त्या दिवशी झाल्याच, कारण बुलढाण्याच्या मुलीला घाई झाली होती. वर ओलं खोबरं असेल तर घालायचं. गरम भातावर ओतून ओरपायचं. तिघींपैकी दोघींनी ते आधी कधी खाल्लंच नव्हतं. एक म्हणाली, "हे तर आमच्या हुलग्याचं माडगं!" दुसरी म्हणाली, "बेसनाचं पातळ पिठलं आहे हो हे." वाद रंगला. साडेनऊला त्यांना हाकलावं लागलं.

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी आमच्याकडे पाळी असते. ज्या मुलीची पाळी तिनं आपल्या गावचं एक पातळ काहीतरी करायचं. तुमच्या हॉस्टेलला स्वयंपाकघर नसेल, कॉइलवर बंदी असेल (असावीच, आमच्याकडे एकदा गादी जळाली आहे), तरी रविवारी संध्याकाळी कुणासोबत काय खायचं हे शनिवारीच ठरवून ठेवा. वडापाव चालेल. एकटीनं खायचा नाही, एवढंच.

घरी कधी जायचं? पहिल्या महिन्यात नाही, आणि पहिल्यांदा कधी जायचं ती तारीख घर सोडण्याआधी ठरलेली हवी. कोकणातल्यांनी गणपती, मराठवाड्यातल्यांनी महालक्ष्म्या, जवळच्या मुलींनी महिन्यानंतरचा जोडून सुटी असलेला शनिवार. गडचिरोली-गोंदियाकडच्या मुलींना मधल्या सुटीत जाऊन येणं झेपत नाही, त्यांनी थेट दिवाळी धरावी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं. त्या दिवशी सकाळी बसून महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढून टाका आणि त्याची प्रिंट कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कपाट दिवसातून वीस वेळा उघडतं.

माझा एक अनुभव आहे, पटला तर घ्या: सगळ्यात उशिरा रमतात त्या लांबच्या नाहीत, जवळच्या. साताऱ्याच्या, नगरच्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं, माझंही निम्म्यात भागतं. पण त्यामुळे दर शनिवारी दुपारी बॅग पाठीला लावून पळणाऱ्या मुली वाढल्या. सोमवार ते बुधवार घरच्या डब्यावर, गुरुवार-शुक्रवार जायच्या तयारीवर. मैत्री होते ती सुटीच्या दिवशी, आणि सुटीच्या दिवशी त्या इथं नसतात. डिसेंबर येतो तरी शेजारच्या खोलीतल्या मुलीचं नाव माहीत नसतं. त्यांना मी सांगते, एक शनिवार आड जा. मग दोन शनिवार आड.

उलट घरच्यांनी यावं, ते जास्त चांगलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, २०२२ पासून. गेल्या वर्षी पाटणकडची एक आजी एकटी आली, नातीचा पलंग बघितला, गादी हातानं दाबून बघितली, मेसचा भात चाखून "कच्चट हाय" म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. नात म्हणाली, आता आजीला फोनवर सांगितलं की "खिडकीपाशी बसलेय", तर आजीला खिडकी दिसते.

पहिल्यांदा घरी जाल तेव्हा एक धक्का बसेल, त्याची तयारी ठेवा. तुमच्या पलंगावर तांदळाची पोती असतील, टेबल धाकट्यानं घेतलेलं असेल. भांडू नका, एक कपाटाचा कप्पा तेवढा मागून घ्या. आणि परत येताना रविवारी दुपारच्या आत हॉस्टेलवर पोचा. रात्रीच्या गाडीनं पहाटे पाचला उतरून थेट तासाला गेलात, तर तो आठवडा गेलाच म्हणून समजा.

सोडायला येणाऱ्या आईवडिलांनो, लॉजवर तीन दिवस मुक्काम ठोकू नका. गादीवर चादर घालून द्या, कुलपाची एक किल्ली जवळ ठेवा, उजेडी निघा. पोर बाथरूमला गेली म्हणून तेवढ्यात सटकू नका, सांगून जा. फाटकाशी रडू आलं तर रडा. मात्र "करमलं नाही तर लगेच ये" हेही म्हणू नका आणि "एवढी फी भरलीय, लक्षात ठेव" हेही नको. "गणपतीला न्यायला येतो" म्हणा, आणि या. आणि घरची गोधडी द्या, जुन्या लुगड्यांची असेल ती. पहिला महिनाभर ती धुवायची नाही. वास जातो.

हे सगळं करूनही काहींचं भागत नाही. दोन आठवडे होऊन गेले तरी जेवण जात नाही, झोप लागत नाही किंवा दिवसभर झोपूनच आहे, आंघोळ नको, कुणाशी बोलणं नको, आणि मुख्य म्हणजे घरी जाऊन आल्यावरही बरं वाटलेलं नाही, तर ती घरची आठवण नव्हे. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. "जगून काय करायचं" असं तोंडून निघालं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच क्षणी कुणाला तरी उठवायचं, रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मैत्रिणीबद्दल असं वाटलं तर "तिनं कुणाला सांगू नको म्हटलंय" हे मनात आणू नका. येऊन सांगा. माझं दार वाजवलं म्हणून मी आजवर कुणावर ओरडलेले नाही.

आणि एखादी खरंच परत जाते. वर्षाकाठी दोन-तीन तरी. सकाळी ठरवलेलं असतं, आठ दिवस सकाळी तेच वाटलेलं असतं. अशा मुलीला मी पहिल्यांदा कॉलेजच्या कचेरीत पाठवते: प्रवेश रद्द करायचा अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, फीच्या परताव्याची शेवटची तारीख विचारायची, कारण जितका उशीर तितकी फी कमी परत मिळते. मूळ दाखले कॉलेजनं अडकवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीनं २०१८ सालीच बजावलंय. ते हातात घेतल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. मेसचं डिपॉझिट आणि शिल्लक खाडे यांचा हिशेब माझ्याकडे. वहीत शब्द लिहिणारी ती औशाची मुलगी, तिच्याच खोलीतली दुसरी अशी गेली. आता घरून जाऊन-येऊन बी.एस्सी. करते. संक्रांतीला तिनं एसटीच्या पार्सलमधून तिळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या, दोन डब्यांत. एकावर लिहिलं होतं "खोलीचा", दुसऱ्यावर "मॅडमचा, लपवून ठेवा".